शाळा बघितलीत का?

संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच कळतं, यंदा कोण जाणार. तिळाची वडी हातावर पडते न पडते तोच प्रश्न येतो, "मग, टाउन ठरलं का तुमचं?" हा प्रश्न सगळ्यांना विचारत नाहीत. ज्यांचं मूल चार वर्षांचं झालंय त्यांनाच विचारतात. उत्तरंही ठरलेली असतात. एडिसन, पण नॉर्थच. वेस्ट विंडसर. साउथ ब्रन्सविक. "बजेट ताणलं जातंय गं, पण शाळा दहापैकी नऊ आहे." आणि जून उजाडला की आमच्या इमारतीखाली सामानाचे ट्रक लागायला लागतात.

मी एकोणीस वर्षं अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत राहते. हडसन नदीच्या अलीकडच्या काठावर, मॅनहॅटनच्या समोर. माझी दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळांत शिकली. थोरली कॉलेजात गेली, धाकटा हायस्कूलमध्ये आहे. ट्रकमध्ये खोकी चढवणाऱ्या प्रत्येक आईला मी एकच प्रश्न विचारत आले आहे: इथली शाळा बघितलीस का? आत जाऊन, वर्गात बसून? आजवर एकीनेही हो म्हटलेलं नाही. घरं मात्र वीस-वीस बघून झालेली असतात. तळघरात ओल येते का, छप्पर किती वर्षांचं आहे, ओटा कुठल्या दगडाचा आहे, सगळं पाठ. आणि जिथे आपलं मूल जाणार होतं ती चार मिनिटांवरची शाळा नाकारायला फोनवरचा एक आकडा पुरतो.

त्या आकड्यापायी तीस वर्षांचं कर्ज काढायचं असेल, तर तो आकडा कशाचा आहे हे तरी बघायला हवं.

सरकारी परीक्षेत त्या शाळेतल्या मुलांना सरासरी किती गुण पडले, हा त्याचा मोठा आधार. घरं शोधायच्या झिलो साइटवर घर उघडा, खोल्या आणि बाथरूमच्या संख्येखाली ग्रेटस्कूल्स या संस्थेचं रेटिंग दिसतं. सरासरी गुण म्हणजे मूल परीक्षेच्या दिवशी कुठे उभं होतं त्याची नोंद. ते तिथवर कसं पोचलं, त्यात शाळेचं किती आणि घराचं किती, हे त्या नोंदीत नसतं. आईवडील दोघंही इंजिनिअर, घरात रोज रात्री एक गोष्ट वाचून दाखवतात, असं मूल शाळेत पाऊल टाकतानाच पुढे असतं. आई नेवार्क विमानतळावर रात्रपाळीला साफसफाई करते, असं मूल मागून निघतं. दोघांच्या शिक्षिका सारख्याच चांगल्या असल्या तरी तिसरीच्या परीक्षेत पहिल्या मुलाच्या शाळेला नऊ मिळतात आणि दुसऱ्याच्या शाळेला चार. १९६६ साली जेम्स कोलमन यांनी अमेरिकी सरकारसाठी देशभरातल्या शाळांची अवाढव्य पाहणी केली, तेव्हाच हे दिसलं होतं: गुणांमधला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला आहे. त्याला साठ वर्षं झाली. मुलांच्या घरचे गुण आपण अजून शाळेच्या नावावर मांडतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रिअर्डन यांनी देशातल्या हजारो स्कूल डिस्ट्रिक्टचे (शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांचे) तिसरी ते आठवीचे निकाल एका मापात आणले आणि त्यातून दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. मुलं कुठे आहेत ही एक. दर वर्षी किती पुढे सरकतात ही दुसरी. पहिली गोष्ट पालकांच्या उत्पन्नाशी घट्ट बांधलेली निघाली. दुसरीचा उत्पन्नाशी संबंध बराच सैल. आणि या दुसऱ्या मोजमापात शिकागो शहर वर आलं. १९८७ साली तेव्हाचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी ज्या शिकागोच्या शाळांना देशातल्या सर्वांत वाईट ठरवलं होतं, तेच. २००९ ते २०१४ या काळात तिथल्या मुलांनी पाच वर्षांत सहा वर्षांइतकी प्रगती केली. देशातल्या मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये एवढा वेग फार थोड्यांचा होता. सरासरी गुण मात्र तरीही देशाच्या सरासरीखाली, कारण मुलं निघालीच फार मागून. त्याच वर्षांत शिकागोतली आपली मंडळी मुलाला पाचवं लागलं की नेपरव्हिल या उपनगरात घर घेत होती. वर्षभरात मुलांना इतकं पुढे नेणारा शिक्षक त्यांनी मागे सोडला आणि सोडतोय हे त्यांना कळलंसुद्धा नाही.

ग्रेटस्कूल्सने पुढे स्वतःच्या रेटिंगमध्ये प्रगतीचं वजन वाढवलं. शाळेच्या पानावर खाली गेलं की प्रगतीचा आकडा वेगळाही दिसतो. हळदीकुंकवात तो कुणी सांगताना मी ऐकलेला नाही.

आता पैशाचं. हे महाराष्ट्रातल्या वाचकाला नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे असं नाही. जव्हारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाचा आणि हवेली तालुक्यातल्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून आणि एकाच श्रेणीत निघतो. अमेरिकेत शाळेचा साधारण निम्म्याहून थोडा कमी पैसा गावातून उभा राहतो, मुख्यतः घरांवरच्या मालमत्ता करातून. न्यू जर्सी हे राज्य आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडंच मोठं, पण त्यात स्कूल डिस्ट्रिक्ट सहाशेच्या आसपास आहेत. प्रत्येकाचं बोर्ड वेगळं, अधीक्षक वेगळा, तिजोरी वेगळी. २०२४ मध्ये या राज्यात एका घरावरच्या मालमत्ता कराचं सरासरी बिल वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेलं. त्यातला निम्म्याहून जास्त भाग शाळांना जातो. घरं महाग असलेल्या गावात कर उदंड जमतो, शाळा श्रीमंत होते, आणि शाळा श्रीमंत म्हणून घरं आणखी महाग होतात. स्वस्त घरांच्या गावात लोकांनी कराचा दर वाढवून घेतला तरी पैसा उभा राहत नाही.

हे टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरातल्या एका माणसाने कोर्टात आकड्यांनिशी मांडलं होतं. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज. हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारा कामगार, मुलं एजवूड डिस्ट्रिक्टच्या शाळेत. १९६८ साली एजवूडची हायस्कूलची मुलं पात्र शिक्षक आणि साहित्य मागत वर्गाबाहेर पडली. पालक कोर्टात गेले. एजवूडचे लोक घराच्या प्रत्येक १०० डॉलर किमतीवर १.०५ डॉलर शाळाकर भरत होते, शहरातला सर्वांत चढा दर. त्यातून दर मुलामागे २६ डॉलर जमत. त्याच शहरातला अलामो हाइट्स हा सधन भाग ०.८५ डॉलर दराने कर भरायचा आणि दर मुलामागे ३३३ डॉलर गोळा करायचा. राज्याची आणि केंद्राची मदत धरूनही एका मुलावर ३५६ डॉलर, दुसऱ्यावर ५९४. मार्च १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: शिक्षण हा देशाच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, ही व्यवस्था चालू द्या. जास्त दराने कर भरणारा हरला.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली होती, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितलं की सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या वाट्याला जातो. अर्पणपत्रिकेनंतर बरोबर शंभर वर्षांनी त्याच अमेरिकेत रॉड्रिग्ज तेच गाऱ्हाणं घेऊन उभे होते. आपण फुल्यांच्या भाषेत वाढलेली माणसं आहोत. हे गाऱ्हाणं आपल्याला परकं वाटता कामा नये.

रॉड्रिग्जच्या निकालानंतर पुढच्याच वर्षी, जुलै १९७४ मध्ये, डेट्रॉइटचा निकाल आला. शहरातल्या शाळांत काळी मुलं, उपनगरांतल्या शाळांत गोरी, अशी फाळणी झाली होती. खालच्या कोर्टाने शहर आणि भोवतालची ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट एकत्र धरून मुलांची सरमिसळ करायचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा पाच विरुद्ध चारने मोडला: उपनगराने स्वतः भेदभाव केला हे सिद्ध झाल्याशिवाय डिस्ट्रिक्टची सीमा ओलांडता येणार नाही. त्या दिवसापासून सीमारेषा हीच भिंत झाली. रेषेपलीकडे घर घेण्याइतके पैसे ज्याच्याकडे आहेत त्याच्यासाठी दार उघडं.

आपल्या घरांत ही गोष्ट कुणी रंगाच्या भाषेत बोलत नाही. आपल्याकडे त्याला वेगळं वाक्य आहे: "तिथलं पब्लिक बरं नाही." हे वाक्य मी ठाण्यात ऐकलंय, कोथरूडमध्ये ऐकलंय, आणि आता जर्सी सिटीत लिफ्टमध्ये ऐकते. पुण्यात त्याचा अर्थ वस्तीतली मुलं. इथे त्याचा अर्थ काळी आणि स्पॅनिश बोलणारी मुलं. ज्यांना कुणी कधी 'तुमचं पब्लिक' म्हटलं असेल, ज्यांनी व्हिसाच्या रांगेत, घरमालकाच्या दारात हे सोसलं असेल, त्यांच्या तोंडी हे वाक्य आलं की मला सहन होत नाही. माझ्या मुलीच्या वर्गात इजिप्तची, फिलिपिन्सची, डोमिनिकन रिपब्लिकची मुलं होती. तिची सगळ्यात जवळची मैत्रीण अशा घरातली, जिथे तीन बिऱ्हाडं एका फ्लॅटमध्ये राहत. दोघी मिळून अपूर्णांक शिकल्या. माझ्या मुलीचं काहीही बिघडलं नाही.

रेषा ओलांडायला पैसे नसलेल्या आईचं काय होतं, तेही ऐका. ओहायोतल्या ॲक्रन शहरात केली विल्यम्स-बोलर नावाची आई होती. तिने दोन मुलींना शेजारच्या कॉपली-फेअरलॉन डिस्ट्रिक्टमध्ये घातलं, आपल्या वडिलांचा पत्ता देऊन. वडील खरोखरच तिथे राहत होते, करही भरत होते. प्रकरण सरकारी वकिलांकडे गेलं, खटला उभा राहिला. २०११ मध्ये कागदपत्रं खोटी केल्याबद्दल तिला दोषी ठरवलं आणि दहा दिवसांसाठी तुरुंगात पाठवलं. देशभर ओरड झाल्यावर राज्यपालांनी गुन्ह्याचं स्वरूप सौम्य केलं. आजोबांचा पत्ता दिला म्हणून आई तुरुंगात. आपण हेच काम बँकेच्या कर्जाने करतो, म्हणून आपल्याला पेढे मिळतात.

पुण्या-मुंबईत आरटीईच्या प्रवेशात शाळेपासूनचं अंतर मोजतात, तेव्हा भाडेकराराच्या कागदासाठी लोक कसे पळतात ते तुम्ही बघता. जात एकच आहे या दोन पळण्यांची.

आता जर्सी सिटी, म्हणजे माझं गाव. इथे बोलताना माझा आवाज चढतो, चढू दे.

१९८१ साली न्यू जर्सीत वीस मुलांच्या नावाने खटला दाखल झाला. मुलं कॅमडेन, ईस्ट ऑरेंज, अर्व्हिंग्टन आणि जर्सी सिटी या चार शहरांतली. पहिलं नाव रेमंड ॲबट या मुलाचं, म्हणून 'ॲबट विरुद्ध बर्क'. केंद्राच्या घटनेत जे सापडलं नाही ते राज्याच्या घटनेत सापडलं. १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरीब शहरांतल्या मुलांवरचा खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आणा. १९९८ मध्ये आणखी पुढे जाऊन आदेश दिला की या शहरांतल्या तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला चांगली बालवाडी मोफत मिळाली पाहिजे. अशी एकतीस डिस्ट्रिक्ट आहेत. जर्सी सिटी त्यांतलं एक.

त्या बालवाडीत, इथे तिला प्री-के म्हणतात, आपल्या इमारतीतली मुलं जातात. उत्पन्नाची अट नाही, शहरात राहिलं की झालं. खासगी पाळणाघराला महिन्याला दोन हजार डॉलरच्या पुढे मोजावे लागतात, ते वाचतात. दोन वर्षं वाचतात. वाचलेला पैसा घराच्या डाउन पेमेंटला जातो. पाचवं लागलं, किंडरगार्टनची वेळ आली, की कुटुंब उपनगरात. वीस गरीब मुलांच्या नावाने सतरा वर्षं भांडून मिळवलेली सोय आपण घेतो. ती बेकायदा नाही, घेतलीच पाहिजे, माझ्याही मुलांनी घेतली. पण जिने ती दिली त्या शाळेला पुढच्या वर्षी साधा नमस्कार न करता निघून जाणं मला पटत नाही.

त्यात आमच्या उंच इमारती. नदीकाठच्या बऱ्याच टॉवरना शहराने करसवलतीचे दीर्घ करार दिले. अशी इमारत नेहमीचा मालमत्ता कर भरत नाही, ठरावीक रक्कम भरते. त्यातले ९५ टक्के शहराला, ५ टक्के काउंटीला. शाळांच्या वाट्याला त्यातून सहसा काही येत नाही. २०१८ च्या कायद्याने जर्सी सिटीला मिळणारी राज्याची मदत दर वर्षी कापली गेली, आणि तो भार शहरातल्या साध्या दोन-तीन मजली घरांच्या करावर आला. म्हणजे काचेच्या टॉवरमध्ये आम्ही राहायचं, शाळेचा कर शहरातल्याच हाइट्स भागातल्या बसचालकाने भरायचा, आणि वर आम्हीच म्हणायचं की इथल्या शाळेत दम नाही.

शहरातली शाळा निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. माझा मुलगा सहावीत असताना त्याच्या गणिताच्या शिक्षिका ऑक्टोबरात सोडून गेल्या. मार्चपर्यंत बदली शिक्षक येत-जात राहिले. कुणी फळ्यावर गणितं लिहून बसून राहायचं, कुणी चित्रपट लावायचं. पाच महिने गेले त्या वर्गाचे. मी मुलाला घरी शिकवू शकले. शेजारच्या बाकावरच्या मुलाची आई शिकवू शकत नव्हती. आम्ही पाच पालक मुख्याध्यापकांकडे गेलो, नंतर बोर्डाच्या सभेत गेलो. तिथे बोलायला मिळतात तीन मिनिटं. लागोपाठ तीन सभांना गेलो. मार्चमध्ये शिक्षक आले, आणि चांगले आले. त्या पाच पालकांपैकी दोघं जूनमध्ये उपनगरात गेले. त्यांचा आवाज सर्वांत खणखणीत होता. पुढच्या वर्षी विज्ञानाचा शिक्षक गेला तेव्हा सभेला आम्ही तिघंच होतो.

शाळा अशी मोडते. बोलणारे पालक निघून जातात, मग तक्रार करायला कुणी उरत नाही, मग तक्रारीजोगं रोज घडतं. ज्यांना इंग्रजीत तीन मिनिटं बोलता येतं, ज्यांना संध्याकाळी सातला सुट्टी असते, त्यांच्यावर शाळेचा हक्क आहे. आपण ते लोक आहोत.

काहींना जावंच लागतं, हेही मला माहीत आहे. एका मैत्रिणीच्या मुलाला बोलण्याची अडचण होती. शहराच्या कचेरीत तिची फाइल आठ महिने फिरत राहिली, शेवटी ती गेली आणि तिथे मुलाला सहा आठवड्यांत थेरपी सुरू झाली. तिला मी खोकी भरू लागले. आपलं मूल एकदाच सहा वर्षांचं असतं, त्याच्यावर कुणी समाजसुधारणेचा प्रयोग करू नये. ज्याने शाळा बघितली, प्रश्न विचारले, आणि मग जायचं ठरवलं, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण न बघता जाणाऱ्यांशी आहे. मॅकनेअर ॲकॅडेमिक हे जर्सी सिटीचं सरकारी हायस्कूल राज्यातल्या नावाजलेल्या शाळांत गणलं जातं, पण तिथे मुलं निवडून घेतात, म्हणून ते उदाहरण मी माझ्या बाजूने मोजतही नाही. मी आपल्या गल्लीतल्या, कुणालाही घेणाऱ्या शाळेबद्दल बोलते आहे.

नऊ नंबरच्या गावात काय मिळतं, तेही बघायला हवं. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हे आपल्या लोकांचं लाडकं डिस्ट्रिक्ट. निकाल अव्वल. २०१५ मध्ये तिथले अधीक्षक डेव्हिड एडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. आदल्या शैक्षणिक वर्षात त्यांच्या मिडल आणि हायस्कूलमधल्या १२० मुलांना मानसिक तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं. ४० मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा काढल्या, काही रात्री गृहपाठाविना ठेवल्या. त्यावर पालकांत उभी फूट पडली, आणि विरोधात उभे राहिलेल्यांत आशियाई पालक मोठ्या संख्येने होते. आमच्या मुलांची तयारी कमी पडेल, ही त्यांची भीती. चाळीस मुलं रुग्णालयात होती. ज्या आकड्यासाठी आपण धावलो त्या नऊमध्ये हा आकडा कुठेही दिसत नाही.

आणि बापांचं म्हणाल तर, तिथल्या प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनहून न्यूयॉर्कला गाडीने एका बाजूला तासाहून जास्त लागतो. पहाटेच्या अंधारात निघालेला बाप रात्री साडेसातला येतो. जर्सी सिटीत होता तेव्हा तोच बाप मुलीला शाळेत सोडून पाथ या लोकल गाडीने पंधरा मिनिटांत कचेरीत पोचायचा. हातात हात धरून शाळेपर्यंत चालत जाणं, हे शिक्षणात धरायचं की नाही? मी धरते.

उन्हाळ्यात आजी-आजोबा येतात. त्यांच्याशी बाकावर बसून बोललं की कळतं, कुणी गिरगावातल्या महापालिकेच्या शाळेत शिकलेलं, कुणी साताऱ्याच्या जिल्हा परिषदेच्या. त्यांच्या वर्गात डॉक्टरचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एका सतरंजीवर बसायचे. मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत मध्यमवर्ग एकेक करून मुंबईच्या महापालिका शाळांतून उठला, आणि शाळा ओस पडायला लागल्या. इंग्रजी हवं होतं, ते खासगीत होतं, हे कारण खरं आहे. पण त्याच महापालिकेने २०२१ मध्ये सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या तेव्हा जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि सोडत काढावी लागली. लोकांना सरकारी शाळा नको होती असं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईच्या २५ टक्के जागा द्यायला नकोत. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला. सरकारी शाळा भरायचा तो मार्ग नव्हता. गरिबाला तिथे कोंडून ती सुधारत नाही. ज्याला पर्याय आहे तो आपणहून आत आला तर सुधारते.

यंदाही टाउन ठरवायला बसला असाल, तर आधी एक सकाळ काढा. गल्लीतल्या शाळेला फोन करा, किंडरगार्टन बघायला यायचंय म्हणून सांगा. पहिलीच्या वर्गात मागे बसा आणि भिंतीवर मुलांचं काम लावलंय की छापील चित्रं ते बघा. इथले शिक्षक किती वर्षं टिकतात, मुलं वर्षभरात किती पुढे सरकतात, हे मुख्याध्यापकांना तोंडावर विचारा. बोर्डाच्या एका सभेला जाऊन शेवटच्या खुर्चीत बसा. त्यानंतरही जायचं असेल तर जा, मी खोकी भरायला येईन.

आमच्या इमारतीपासून शाळा चार मिनिटांवर आहे. दार सकाळी सव्वाआठला उघडतं.